जिन्याच्या वळणावरचा सोफा

मी एक जुना सोफा आहे, अस्सल सागवानी. मित्रांनो, माझा एक हात तुटलेला आहे. तो कसा तुटला हे सांगितल्याशिवाय माझा पाय इथून निघत नाही.

पुण्याच्या भवानी पेठेत शमशुद्दीनभाई सुतारांनी मला घडवलं. खिळा न मारता, नुसती खाचेत खाच बसवून सांधे जोडले, स्प्रिंगांवर काथ्या भरला. वारज्याच्या आप्पासाहेबांनी शेताच्या जागेवर तीन मजले उठवले, तेव्हा मला वरच्या घरात आणलं. जिना इतका चिंचोळा, की मला उभं करून चढवावं लागलं. त्यांच्या पत्नी सरुबाई दुपारी माझ्यावर बसून भाजी निवडत आणि अखंड बोलत. गावातल्या साऱ्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळत. किती सोयरिका माझ्यावर बसून जुळल्या! कौतुकाची मला चांगलीच सवय लागली होती.

पुढे सून शालूनं नवा सोफा घेतला. मला खाली नेता नेता खालच्या वळणावर टेकवलं, ते टेकवलंच. तळमजल्यावरच्या श्यामसुंदर मिठाईवाल्यानं दुकानाचं मोडकं काउंटर माझ्यावर चढवलं. घंटागाडीवरच्या मैनाबाई बघून म्हणाल्या, "ताई, बादलीत मावंल ते आम्ही नेतो. सोफा, कपाट, गादी, दुकानाचं फर्निचर, ह्याला मोठी गाडी वेगळी. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात कळवा."

शालू कळवायला निघाली, तर आप्पासाहेब आडवे आले. "काय कळवायचं न्हाई. माझ्या घामाचा हाय त्यो. कुणाच्या डोक्यावर ठेवलाय का?"

"आप्पा, उद्या कुणाला उचलून न्यायचं झालं तर?"

"वंगाळ बोलू नगंस."

शालूनं कळवायचं सोडून दिलं. माझ्यावर धूळ साचली, मांजर व्यायली. लोक अंग चोरून जाऊ लागले.

एका सकाळी सरुबाई बोलता बोलता थांबल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. रुग्णवाहिकेची माणसं त्यांना स्ट्रेचरवरून वळणापर्यंत घेऊन आली आणि तिथंच अडली. काउंटर कसंबसं हटवलं. मी मात्र भिंत आणि कठड्यामध्ये पक्का रुतलो होतो.

"लवकर करा हो! लकवा आहे, उशीर करून चालणार नाही," त्यांच्यातला एक ओरडला.

आप्पासाहेबांनी कुऱ्हाड आणली. माझ्यावर कुणाला पायसुद्धा ठेवू न देणारे ते, रडत माझ्या हातावर घाव घालू लागले. सांधे सुटेनात. शमशुद्दीनभाईंनी मला जरा कच्चं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"सरू, थांब गं, झालंच," ते म्हणत होते.

अखेर हात तुटला आणि वाट झाली. सरुबाईंचा जीव वाचला, पण वाचा गेली. आणखी लवकर आणलं असतं तर कदाचित बोलल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले.

आज मोठी गाडी आली आहे. शालूनंच कळवलं. गाडी नेईल तिकडे माझं लाकूड, लोखंड आणि काथ्या वेगळा करतील म्हणे. मला त्याचं दुःख नाही. सरुबाई खाली खुर्चीत बसल्या आहेत. "जाऊ दे ना ह्याला?" आप्पासाहेबांनी विचारलं. सरुबाईंनी डावा हात जरासा उचलला, ओठ हलवले. शब्द फुटला नाही. आप्पासाहेब अजून तसेच वाकून उभे आहेत, काही ऐकू येईल म्हणून.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जीव लावा. पण आमचं काम संपलं की आम्हाला वाटेत ठेवू नका, वेळेवर निरोप द्या. आज एकदा आपल्या जिन्यानं खालपर्यंत उतरून पाहा. तुमच्या घरात जे कुणी दिवसभर बडबड करतं ना, त्याच्यासाठी ती वाट मोकळी करा.