सौम्याने नाकारलेला पॅच

विश्रामकाकांनी तपासायला पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, सौम्याने आधी भराभर वाचला, मग सावकाश वाचला, आणि मग खुर्ची मागे सारून ती पाणी प्यायला गेली. आपलंच काहीतरी चुकत असेल असं तिला वाटलं. परत येऊन पाहिलं, तर चूक होती तिथेच होती.

त्यांची कंपनी लहान होती. वजनकाटे, तिकिटांची यंत्रं अशा छोट्या उपकरणांसाठी ती ‘अरळी’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. तिच्यातला थ्रेड आणि सिग्नलचा, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं आणि त्यांना मध्येच अडवणाऱ्या सूचना यांचा भाग पहिल्यापासून विश्रामकाकांचा. त्या कोडला हात लावायचा तर आधी त्यांना विचारायचं, हा कंपनीचा अलिखित नियम होता. मालक व्यासराजसुद्धा तो पाळायचे.

काका मूळचे सांगलीचे. नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि बायकोसह कुवेंपुनगरात रमले. सौम्या मात्र इथलीच. तिचे पूर्वज कधीकाळी राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले होते, आणि घरातली मराठी तेव्हापासून कन्नडात मुरत गेली होती. ती कंपनीत नवी असताना एकदा आजीशी फोनवर बोलत होती, “येते गं, स्वल्प उशीर होईल, नीनु जेवून घे.” पलीकडच्या टेबलावर बसलेले काका खुदकन हसले होते. “अगं, तू आमच्यातलीच की!” तेव्हापासून इतरांचे ‘सर’ तिचे काका झाले. काम तर त्यांनी शिकवलंच, पण ‘पाठपुरावा’, ‘धांदल’, ‘हातघाई’ हे शब्दही तिला त्यांच्याकडूनच मिळाले.

हुणसूरच्या एका गोदामातले वजनकाटे मधूनच गोठायचे. पडद्यावर आकडा तसाच राहायचा, बटणं दाबून उपयोग नसायचा. बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याचा सिग्नल आला की हे व्हायचं. काम काकांकडे गेलं. ते बराच काळ त्यात गुंतून होते, आणि अखेर हा पॅच आला.

त्यात सिग्नल आल्याबरोबर चालणारा जो कोडचा तुकडा होता, त्यात काकांनी नोंद लिहिणारं फंक्शन बोलावलं होतं. ते फंक्शन आधी लॉक घेतं, एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूपच ते; आणि ते अडकलं की काटा गोठतो. म्हणजे रोग बरा करण्याऐवजी त्यांनी तो आणखी एका ठिकाणी पेरला होता. आणि ही चूक कधी करायची नाही, हे सौम्याला त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

तिला मग एकेक आठवू लागलं. काकांनी तिला तिच्या आजीची तब्येत विचारली होती. आजी जाऊन वर्ष झालं होतं आणि अंत्यविधीला ते स्वतः आले होते. मीटिंगमध्ये एका शब्दासाठी ते अडले होते आणि हातवारे करत राहिले होते. शब्द साधा होता, ‘रांग’. तेव्हा सगळे हसले होते, तीसुद्धा.

शनिवारी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. दार कमलिनीकाकूंनी उघडलं.

“सुम्ने, सहजच आले, काकू. काकांशी थोडं बोलायचं होतं.”

काकूंनी तिला आत न घेता स्वतःच बाहेर पायरीवर येऊन दार ओढून घेतलं. “कामात काही चुकलं का त्यांचं?”

सौम्या चपलांकडे बघू लागली. काकूंनी मान हलवली. “मागच्या महिन्यात स्कूटर बाजारात ठेवून रिक्षाने आले. घराचा रस्ता आठवेना म्हणाले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचाच आजार आहे गं. वय काय त्यांचं, साठीसुद्धा नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. हे एवढं काम पुरं करतो, मग मीच सांगतो म्हणाले.”

आत काका लॅपटॉप उघडूनच बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला. “पॅच बघितलास?”

“बघितला.”

“मग?”

चहा आला, ती कप धरून बसली.

“सौम्या, मी तुला कधी गोड बोलून कोड पास करायला शिकवलं नाही. काय आहे ते सांग.”

“चुकलंय, काका,” ती म्हणाली. “मला तो नाकारावा लागेल.”

त्यांनी पडदा जवळ ओढला. बोट एकेका ओळीवरून फिरत गेलं, चुकीच्या ओळीवरूनही गेलं आणि पुढे निघालं. तळाशी पोचून त्यांनी वर पाहिलं. “कुठे?”

मग तिने त्यांना समजावलं, त्यांनी तिला समजावलं होतं तसंच. एक थ्रेड नोंद लिहितोय, त्याच्या हातात लॉक आहे. तेवढ्यात सिग्नल येतो. थ्रेडचं काम अर्ध्यात थांबतं आणि सिग्नलचा कोड त्याच्याच जागेवर चालू लागतो. तोही तेच लॉक मागतो. ते सुटायचं तर आधीचं काम पुरं व्हायला हवं, आणि आधीचं काम तर याच्यासाठी थांबलेलं. “स्वतःचीच वाट बघत बसतो, अल्वा? हो ना? मग कोण सोडवणार?”

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे मी लिहिलं?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या काकू आत निघून गेल्या. सौम्याला वाटलं आपण उठावं, पण तेवढ्यात काका म्हणाले, “बस. तू टाइप कर. मी सांगतो.”

आणि ते सांगत गेले. सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल बंद ठेव. एकच वेगळा थ्रेड कर, त्याचं काम फक्त सिग्नलची वाट बघणं. तो कुणाच्या कामात मध्येच घुसत नाही, म्हणून त्याने लॉक मागितलं तरी चालेल. “आणि सिग्नल पहिला थ्रेड जन्मायच्या आधी बंद करायचे बरं का. नवा थ्रेड आईबापाकडून तेच घेऊन येतो. नंतर बंद करशील तर मधल्या फटीत एखादा सापडेलच.” आवाज पूर्वीसारखा ठाम होता. सौम्याची बोटं चालत होती आणि मनात आशा डोकावत होती की डॉक्टरांचंच काही चुकलं असेल.

काम झालं. काका मागे टेकले, समाधानाने तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “बरं, माझा पॅच बघितलास का तू?”

सौम्याने लॅपटॉप हळूच मिटला. “बघितला, काका.”

सोमवारी काका स्वतः व्यासराजांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून आले. व्यासराजांनी त्यांना घरूनच जमेल तेवढं करा म्हटलं, पण काका नको म्हणाले. माझ्या हातून बिघडलेलं मलाच दिसत नाही, मग मी करू काय, असं म्हणाल्याचं व्यासराजांनी नंतर डोळे पुसत सांगितलं. हुणसूरचे काटे नव्या कोडवर नीट चालू लागले. तो भाग सौम्याच्या नावावर झाला. तिचा पगार वाढला; घरी आईने पायस केलं. सौम्याने दोन घास खाऊन वाटी सरकवली.

पावसाळ्यानंतर जुना कोड साफ करताना तिला एक ओळ सापडली. थ्रेड संपताना, त्याची मेमरी परत करण्याआधी, सगळे सिग्नल पुन्हा एकदा बंद केले होते. ते तर आता आधीपासूनच बंद असतात, मग पुन्हा कशाला? वर काही खुलासा नव्हता. ओळ काढून टाकायला तिचा हात धजेना. ती कुवेंपुनगरात गेली.

काका खिडकीशी बसले होते. दाढी काकूंनी केली असावी, हनुवटीखाली थोडी राहिली होती. तिला त्यांनी ओळखलं, निदान तसं हसले. तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून ओळ दाखवली. “हे कशासाठी घातलं होतं, काका?”

त्यांनी वाचलं. ओठ हलले. पुन्हा वाचलं. मग लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून, सांडू नये असं काही त्यात भरलेलं असावं तसा, तिला परत दिला.

“हे मला येत होतं गं,” ते म्हणाले.

रडले नाहीत. फक्त हात मांडीवर तसेच उताणे राहिले. सौम्याने ते आपल्या हातात घेतले. तिला मराठीत काही सापडेना, कन्नडातही सापडेना. “इरली, काका,” एवढंच म्हणाली. राहू दे.

त्या ओळीचं कारण तिने मग स्वतःच शोधलं. खूप दिवस गेले त्यात. एखादा प्रोग्राम स्वतःच्या थ्रेडमध्ये सिग्नल पुन्हा चालू करू शकतो. आणि थ्रेडची मेमरी परत गेल्यावर सिग्नल आला, तर कोड चालायला खाली जागाच नसते. ओळ हवीच होती. तिने ती ठेवली आणि वर तिचं कारण सविस्तर लिहिलं, पुढे कोणी येईल त्याच्यासाठी.

पुढच्या शनिवारी तिने ते काकांनाही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं, मध्ये मान डोलावली, आणि पाहुणीशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, “अरे वा. अवघड काम करता हं तुम्ही.”