चाळीस मिनिटांची संगीतिका

वरवंडच्या हायस्कुलात सिद्दीकसरांनी सत्तावीस वर्षं संगीत शिकवलं. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात संगीताचा तास गणिताचे गुरुजी दहावीसाठी उचलायचे, आणि जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस यांतून उरेल तेवढ्या वेळात सरांच्या वाट्याला मुलं यायची. एवढ्यात स्वागतगीत बसवून दाखवणाऱ्याला संस्थेत कलावंत म्हणत. सरांना मात्र संगीतिका बसवायची होती.

हे खूळ दौंडचं. लहानपणी रेल्वे कॉलनीतल्या चर्चच्या खिडकीखाली उभं राहून त्यांनी ऐकलं होतं, की बाया एक चाल गातात, पुरुष दुसरी, पोरं तिसरी, आणि तरीही भांडण होत नाही. ते डोक्यातून गेलं नाही. पुढं नोकरी लागली, दौंडहून जीपच्या मागच्या फळीवर बसून जाणं-येणं सुरू झालं, आणि त्या फळीवरच त्यांनी ‘पाण्याखालचं गाव’ रचलं. धरणात गेलेल्या एका गावाची गोष्ट, सगळी गाण्यातून. तीन गट: गावकरी, चढतं पाणी आणि साहेबलोक. तिघं एकदम गातात. गावकरी विचारत राहतात, पाणी चढत राहतं, साहेब ‘कार्यवाही चालू आहे’ एवढंच म्हणत राहतात. चाळीस मिनिटं लागतात.

ती चाळीस मिनिटं सरांना एकदाही मिळाली नव्हती.

पहिल्याच वर्षी अध्यक्ष जयसिंगआबा तालमीला आले. आबा सोसायटीचे अध्यक्ष, देवळाचे अध्यक्ष, म्हणून शाळेचेही. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला.

“मास्तर, पोरांच्यात फूट पडलीया.”

“नाही आबा, तीन वेगळे आवाज आहेत. मुद्दाम ठेवलेत.”

“मुद्दाम? अवो, सगळी एका सुरात म्हनली म्हंजी शिस्त दिसती. हितं ज्यो त्यो आपलंच रेटतोय.”

“ग्रामसभेतही तसंच असतं, आबा.”

आबा हसले. त्या वर्षी स्नेहसंमेलनात संगीतिकेला दहा मिनिटं मिळाली.

पुढं सात मिळाली, एकदा चार. कारण स्नेहसंमेलन म्हणजे सत्कार. ज्याचं नाव राहिलं तो पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसतो, म्हणून कुणाचंच राहू देत नाहीत. आजी सरपंच, माजी सरपंच, पडलेले सरपंच, मांडववाला, आणि एका साली तर पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर त्याचं मनोगत. मनोगत मध्येच तोडायचं नाही, हा गावचा कायदा. तोडलं तर सत्कार करून अपमान केल्यासारखं होतं. एका पडलेल्या उमेदवाराचं मनोगत पाऊण तास चाललं. तोंडाला निळा रंग फासलेलं पाणी विंगेत उभ्या उभ्या पेंगलं, आणि गाव बुडायचं राहून गेलं.

२००३ साली सर निवृत्त होणार होते. “यंदा पुरी चाळीस मिनिटं,” असं मुख्याध्यापक ज्ञानदेवसरांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं. संमेलनाच्या दुपारी तेच हातात कागद घेऊन विंगेत आले.

“सर, जरा ॲडजस्ट करा. सहा मिनिटांत बसवा.”

“चाळीस ठरली होती.”

“ठरली होती हो. पण ऐनवेळी एक सत्कार वाढला.”

“कुणाचा?”

ज्ञानदेवसरांनी कागदात पाहिलं, जणू तिथं दुसरं काही निघेल. “तुमचाच.”

आजवर गाव दुसऱ्यांच्या शालींखाली गाडलं गेलं होतं. आज सरांच्याच शालीखाली गाडायचं ठरलं होतं, आणि वर त्यांनी आभारही मानायचे होते!

दहावीतली तेजश्री पाण्याच्या गटात पुढं गायची. तिनं सगळं ऐकलं होतं. “सर, खरं सांगा, गायचं हाय का तोंड धुवायचं? माझी थोरली बहीण बी पाणीच होती. तिला बी तुमी ‘पुढच्या वर्षी’च म्हनला होता.”

तेवढ्यात माइकवरून सरांचं नाव पुकारलं गेलं.

शाल घातली, नारळ दिला, फेटा कानावर आला. निवेदक म्हणाला, “आता सत्कारमूर्तींनी आपलं मनोगत व्यक्त करावं.”

सर माइकपाशी गेले. “अध्यक्षमहाराज, माझं मनोगत जरा लांब आहे. आणि ते मला एकट्याला सांगता येत नाही.” एवढं बोलून त्यांनी लोकांकडं पाठ केली आणि विंगेकडं बोट दाखवलं.

नव्वद मुलं स्टेजवर आली. जागा कुठली? गावकऱ्यांनी पायऱ्या अडवल्या, पाणी मधोमध पसरलं, आणि साहेबांच्या गटाला पाहुण्यांच्या सोफ्यांमागं उभं राहावं लागलं. त्यामुळं पहिल्यांदा ‘कार्यवाही चालू आहे’ निघालं ते थेट जयसिंगआबांच्या फेट्यामागून. मांडवात हशा पिकला.

आबांनी ज्ञानदेवसरांना बोलावलं. “थांबवा की वो ह्यास्नी!”

“आबा, मनोगत चालू आहे.”

“मग उरकाया सांगा!”

“आपल्या इथं कुणाला कधी सांगितलंय?”

प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण पायऱ्यांवर गावकरी होते आणि ते हटायला तयार नव्हते. वीस मिनिटांनी हशा थांबला. तिसाव्या मिनिटाला बायांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्याला लावला. तिचं माहेर धरणात गेलेलं असावं. मग गावकऱ्यांचे आवाज एकेक करून बंद पडले, साहेबही गप्प झाले, आणि शेवटी नुसतं पाणी उरलं. बेचाळीस मिनिटं झाली होती. गाव एकदाचं बुडालं.

टाळ्या चालू असतानाच आबा उठून आले. “मास्तर, दिल्याला सत्कार माघारी घेता येत न्हाई. न्हाईतर घेतला असता.”

सरांनी अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातावर ठेवली. “घ्या आबा. पुढच्या वर्षी शाली कमी पडायला नकोत.”

आणि आबांचं तोंड उघडायच्या आत ते मुलांकडं वळले. “गावकऱ्यांनो, तिसऱ्या कडव्यात कुठं पळत होता? गाडी चुकत होती का?”