मास्तरांनी मोडलं म्हणून

मास्तरांनी उजाडायच्या आत फुलावर आलेले टोमॅटो ट्रॅक्टर घालून मोडले आणि दुपारपर्यंत गावात कुणाला ट्रॅक्टर मिळेना.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर शेतीत उतरले. दोन वर्षं त्यांचा अंदाज बरोबर निघाला, तेव्हापासून त्यांनी बी बदललं की गाव बदलतं. त्यांनी मुलीला नर्सिंगला घातलं, तर पाठोपाठ आणखी सहा मुली नर्सिंगला. मतसुद्धा ते कुणाला देणार याचा कानोसा घेऊनच आम्ही घराबाहेर पडतो. त्यांना सरळ जाऊन विचारत मात्र कुणी नाही. खरं सांगतील याची खात्री कुणाला?

ट्रॅक्टरसाठी माझा नंबर दुपारी तीनला लागला. ट्रॅक्टर बांधावर आला आणि बायको आडवी उभी राहिली. एकच एकर आमचा. विहिरीची मोटर जळालेली, ती याच पिकावर बदलायची होती. तोवर चुलतभावाच्या विहिरीचं पाणी मागून दिवस काढत होतो.

"सर बाजूला. भाव पडणार आहे."

"कोण म्हणालं?"

"मास्तर काय खुळे आहेत उभं पीक मोडायला?"

"खुळे नाहीत, म्हणूनच विचारते. अंधारात का मोडलं? आणि त्यांचा फवारणीचा पंप सोड्यानं धुऊन अंगणात पालथा का घातलाय?"

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," म्हणालो आणि ड्रायव्हरला हात केला. चार सऱ्या गेल्या. माझ्याच हातानं लावलेली रोपं ती, बघवेना.

तेवढ्यात ती बांधापलीकडच्या मास्तरांच्या शेतातून मातीत दबलेलं एक झाड उपटून घेऊन आली. पानं वाटीसारखी वळलेली, शेंडा पिळलेला.

"आता बोला. तणनाशकाचा पंप न धुता टोमॅटोवर मारलाय त्यांनी. लोकांनी हसायच्या आत गाडून टाकलं."

ट्रॅक्टर थांबवला आणि ते झाड घेऊन आम्ही दोघं घरोघर फिरलो. चुलतभावाचं दार सगळ्यात शेवटी. त्यानं झाड उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आम्हाला ठेवायला सांगतोस आणि तुझ्या चार सऱ्या कुणी मोडल्या रे?"

"अरे, चुकलं माझं!"

"ट्रॅक्टर अजून तुझ्याच शेतात उभा आहे. आम्ही गाफील राहून बुडायचं आणि तू सकाळी उरलेलं मोडून सुटणार. कळतं बरं आम्हाला."

तोच ट्रॅक्टर त्यानं माझ्या शेतातून काढून स्वतःच्या शेतात घातला. बाकीच्यांनीही दिवस मावळायच्या आत आपलं मोडून घेतलं.

दोन महिन्यांनी भाव कडाडला. गावात टोमॅटो होते फक्त आमचे. नवी मोटर विहिरीवर बसली. मास्तरांनी आम्हाला आतून सांगितलं होतं, अशी कुजबुज झाली आणि चुलतभाऊ बोलायचा बंद झाला. त्याचं मला अजून लागतं.

एका संध्याकाळी मास्तर दारात आले. बायको क्रेट भरत होती.

"सूनबाई, तुला ठाऊक आहे म्हणे. माझ्या पंपाचं तेवढं कुणाजवळ बोलू नकोस."

"त्याच दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, मास्तर. कुणाला खरं वाटलं नाही."

मास्तर जरा सुटल्यासारखे झाले. तरी जाईनात, उंबऱ्याशी घुटमळत राहिले. मग रस्त्यावर कुणी नाही असं बघून त्यांनी आवाज खाली केला.

"बरं, आता तुम्ही पुढे काय लावणार?"