नुसतं मावशी

दोन हजार अकरा साल, वैशाख. चिटगुप्प्यात लग्नसराई जोरात होती आणि शिवशरणच्या भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सावित्रम्मा लेकीच्या, शैलश्रीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली ती चांगुणाबाईंना बरोबर घेऊनच. दोघी वीस वर्षं एकाच अंगणवाडीत. चांगुणाबाई सेविका, सावित्रम्मा मदतनीस. दुपारी पोरं जेवून गेली की त्याच पातेल्यातलं दोघी खात.

स्टील पारखावं ते चांगुणाबाईंनीच. काठावरून बोट फिरवायचं, मग बुडाला टिचकी. खणखणलं तर पातळ, दबका आवाज आला तर जाड.

"लई वाजतंय ते घेऊ नको अक्का. माणसात बी आन् भांड्यात बी," त्या म्हणाल्या, तसा शिवशरणही हसला.

ताटं, तांबे, डबे झाले. मग बाईंनी सगळ्यात जाड बुडाचं पातेलं बाजूला काढलं. हा शैलूला माझा आहेर, म्हणाल्या. दारात नावं घालणारा रेवणप्पा बसला होता. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असायचंच. त्यानं विचारलं, काय घालू?

"चांगुणाबाई रत्नपाल."

सावित्रम्माला लेकीचे सोयरे आठवले. सोयरे आळंदचे, जुन्या वळणाचे. रत्नपाल वाचलं की घर बौद्धांचं हे त्यांना कळणार. जातभेद नाकारणाऱ्या बसवण्णांची वचनं सावित्रम्मा रोज सकाळी म्हणायची, पण ती रेवणप्पाकडे वाकली आणि हळूच कानडीत म्हणाली, नाव नको, नुसती तारीख घाल. जशी काही चांगुणाबाईंना कानडी येतच नव्हती. वीस वर्षं पोरांना त्याच भाषेत गाणी शिकवली होती त्यांनी.

रेवणप्पाचा हात थांबला. चांगुणाबाई पातेल्याकडेच बघत होत्या.

"कामून त्याला कोड्यात टाकायलीस, अक्का?" त्या मराठीतच म्हणाल्या. "रेवणप्पा, नुसतं मावशी घाल."

नाही, पुरं नाव घाल, असं सावित्रम्माला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "व्हय, ते बी चांगलंय."

गावी परतताना बसमध्ये दोघी शेजारीच बसल्या. बाई पोरांच्या लसीकरणाचं बोलत राहिल्या. लग्नाला त्या आल्या, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी निघून गेल्या.

पुढं रेवणप्पाची नजर कमी झाली. तो आता हुमनाबादला मुलाच्या चहाच्या गाडीवर बसून असतो. शैलश्री आळंदला सुखात आहे. तिच्या सासूनं एकदा सावित्रम्माला विचारलं होतं, पातेल्यावरची ही मावशी कुठली? माझ्या माहेरची, असं सावित्रम्मानं सांगितलं. सासू वारली, तरी ते खोटं तसंच राहिलं. चांगुणाबाई निवृत्त होऊन कलबुर्गीला लेकाकडे, बुद्धरत्नकडे राहतात. सावित्रम्मा दर दसऱ्याला त्यांना फोन करते. गुडघ्यांचं विचारते, पावसाचं सांगते, पातेल्याचा विषय काढत नाही आणि फोन ठेवते.