शेवटच्या कडव्यातली ओळ

दार उघडतानाच वहिनीच्या हातातला फोन वाजला आणि तिने तो घाईघाईने सोफ्यावरच्या उशीखाली दाबला. गायिका उंबऱ्यातच थबकली. रिंगटोन तिच्याच गाण्याची होती.

“माफ करा ताई. माझ्या लेकीने लावलीय, मला बदलता येत नाही.”

“अण्णांनी ऐकलं तर?”

“पहिली ओळच तर वाजते. आणि त्यांना आता कुठे काय कळतंय?”

नऊ वर्षांपूर्वी मात्र अण्णांना सगळं कळत होतं. प्रार्थनाघरात ते चाळीस वर्षं प्रार्थना सांगत आलेले. ‘तुझ्या दाराशी बसू दे, कधीतरी दार उघड’ ही त्यांची संध्याकाळची प्रार्थना त्यांच्या या गायिका लेकीने उचलली, खाली ढोल घातला आणि तिला सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून गायली. गाणं तुफान चाललं. लग्नांत वाजलं, व्यायामशाळांत वाजलं, न्हाव्याच्या दुकानात तर दिवसातून चारदा. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, “देवाला नाचायला लावलंस. आता या घरी येऊ नकोस.” तीही त्यांचीच लेक, आली नाही. हट्टीपणात बापलेकीत डावं-उजवं करणं कठीण होतं.

आज ती माफी मागायला आली होती. वाक्य बसमध्ये दहा वेळा घोकून झालं होतं.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती.

“बसा,” ते म्हणाले. “दवाखान्यातून आलात?”

“नाही. सहजच आले.”

घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. माफी मागायची तरी कुणाकडे? जे रागावले होते ते अण्णा आता कुठे सापडणार? नऊ वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला एकटं वाटलं. तेव्हा निदान कुणीतरी आपल्यावर रागावून बसलेलं होतं.

सहा वाजले. अण्णांनी घड्याळाकडे न बघताच हात जोडले.

“प्रार्थना येते?”

“येते.”

“मग म्हणा. मी हल्ली मधेच अडखळतो.”

तिने डोळे मिटले आणि त्यांच्या मांडीवर बसून शिकली होती तशीच ती म्हटली. तीच संथ चाल, दम घ्यायच्या त्याच जागा. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. ‘कधीतरी दार उघड’ झालं आणि तिने हात सोडले.

अण्णांचे हात जोडलेलेच होते.

“एक ओळ गाळलीत.”

“नाही अण्णा, इथेच संपते.”

“चाळीस वर्षं मी सांगतोय, आणि तुम्ही मला शिकवता?” आवाजात जुनी जरब होती. मग त्यांनी स्वतःच सावकाश म्हटलं, “नाही उघडलंस, तरी मी इथेच आहे.”

ती ओळ प्रार्थनेत कधीच नव्हती. भाड्याच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तिने ती लिहिली होती. गाण्याच्या अगदी शेवटच्या कडव्यात ती येते. रेडिओवाले तिथवर पोचूच देत नाहीत, आधीच जाहिरात लावतात. ती ऐकायची तर गाणं मुद्दाम लावून शेवटपर्यंत बसावं लागतं.

“गाळायची नाही ती,” अण्णा म्हणाले. “म्हणा परत.”

तिने हात जोडले, पण आवाज फुटेना. मग अण्णा नवख्या माणसाला सांगावं तसे एकेक शब्द पुढे सांगू लागले, आणि ती त्यांच्यामागून म्हणत गेली.