सतरा नंबरची बाटली

माझ्या धाकट्या दिराला, गोरक्षला, समुद्रावर नोकरी लागली तेव्हा आमच्या वाडीत समुद्र कुणी पाहिला नव्हता. बहुतेकांचं जग पारनेरच्या बाजारापाशी संपायचं. तो बोटीवर जातो, बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढतो आणि तीत सापडेल ते बाटलीत भरतो, एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजरबाई, माळकरी. लेक समुद्राचं पाणी तपासतो, अशी त्यांची समजूत. त्या पाण्यात माशांची अंडी असतात हे मला ठाऊक होतं, पण मी कशाला सांगते?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तो वीस बाटल्या आणि भिंगाचं यंत्र घेऊनच. कुठल्या बाटलीत अंडी किती, पिल्लं किती, हे मोजून महिनाअखेर कळवायचं होतं. त्यावरून पुढं मासे कुठं, किती येतील याचा अंदाज बांधतात म्हणे. आणि आल्या आल्या त्याचे डोळे आले. लालभडक, चिकटलेले.

मी चौथी शिकलेली, पण पंचवीस वर्षं बाजरीतले खडे निवडलेत. मी बघते म्हटलं. तो हसला, पण दुसरा इलाज नव्हता. तो डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडायचा आणि मी ओसरीच्या उजेडात दिसेल ते सांगायची. शिजल्या साबुदाण्यासारखं गोल, आत तेलाचा एकच थेंब, ते तारली माशाचं अंडं. दोऱ्याच्या तुकड्याला दोन काळे ठिपके, ते पिल्लू. आठ दिवसांत माझा हात असा बसला की तो म्हणाला, आमच्या हापिसात तुमच्यासारखं कुणी न्हाई. हजारांतलं एखादं जगतं, हेही त्यानं सहज सांगून टाकलं. मला चार झाली, एक उरली. मी पुढचं अंडं मोजलं.

उरलेली ती चांगुणा, बारा वर्षांची. आत खाटेवर पडून होती. घोट्याला नारू झाला होता. जखमेतून पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर येत होता आणि मी तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत होते. घरधनी दुष्काळी कामावर खडी फोडायला, त्यामुळं पाण्याचं सगळं माझ्याकडं. टँकरचं पाणी गढूळ, ते म्हशीला. माणसांना मी अर्ध्या कोसावरच्या बारवेतून आणायची, पायऱ्या उतरून, निवळशंख पाणी. शेजारच्या लंकाबाईलाही मीच तिकडं वळवलं होतं. संध्याकाळी चांगुणाला पाठुंगळी घेऊन जायची. ती खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली की आग शमायची तिची.

त्या दिवशी सतरा नंबरची बाटली होती. नासू नये म्हणून बाटलीत घातलेल्या औषधाचा वास जाईस्तोवर सगळं तीन पाण्यांनी धुतलं, बशीत चांगलं पाणी घातलं आणि डोळा भिंगाला लावला.

"भावजी, एक हललं."

"महिनाभर औषधात हाय ते, वहिनी. मेलेलं हलंल कसं?"

"उड्या मारतंय."

तो उठून बसला. कसं दिसतं विचारलं. मी सांगितलं, पेरूच्या बीसारखं अंग, मागं फाटकी शेपटी, कपाळावर मधोमध एकच डोळा. शेपटीला दोन थैल्या, त्यांत अंडी गच्च. बाटली माझ्या हातून बाटली, आता याची नोकरी जाते, असं मला वाटलं.

"बशीत पाणी कुठलं घातलं?" त्यानं विचारलं.

"बारवेचं."

मग तो हळू आवाजात सांगू लागला. ही पाण्यातली पिसू. नारूची पिल्लं हिच्या पोटात असतात. पिसू आपण पितो आणि वर्षानं नारू पायातून निघतो. मी विचारलं, हिच्या पोटात ती जातात कशी? नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की नारू तिथंच पिल्लं सोडतो, तो म्हणाला, हजारांनी. "कोन पाय सोडतं का हो बारवेत?"

मी आत चांगुणाच्या खाटेकडं पाहिलं. त्याला ते दिसलं नाही.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या येऊन बसल्या, यंत्रावर वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या.

"समुद्रातलं हाय ह्ये?"

"न्हाई," मी म्हणाले. "आपल्या घागरीतलं."

त्यांचा हात माळेवर गेला. "म्हंजी जित्तं. साठ वरसं मी ह्ये पीत आले." पुन्हा वाकल्या. "आन् ही गोल गोल काय?"

गोरक्षनं फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं. मीच सांगितलं, माशाची अंडी.

"ऱ्हाऊ दे. ती काय कुनी प्यालं न्हाई."

त्या आत गेल्या. पेटीतून लुगडं काढलं, एकदाही न नेसलेलं. आपल्याला शेवटी नेसवायला त्यांनी ते जपून ठेवलं होतं. पदराकडून टरकावलं, चार पदरी घडी केली आणि रिकाम्या घागरीच्या तोंडाला गाळणं म्हणून बांधली.

दिवस कलला. आतून चांगुणानं विचारलं, "आई, बारवेवर न्हेती ना?"

मी म्हशीपुढची बादली उचलली आणि तिच्या खाटेखाली ठेवली. ती म्हणाली, हे तर म्हशीचं पाणी. व्हय, मी म्हणाले, आणि तिचा पाय माझ्या हातानं त्यात सोडला.

बाहेर लंकाबाई बारवेकडून येत होती. "निवळशंख हाय बघ आज," ती लांबूनच म्हणाली.

मी अंगण ओलांडून गेले आणि तिच्या डोईवरच्या घागरीला दोन्ही हात घातले. ती उतरवून घ्यायची होती, आणि मग ती बारव बाटवली कुणी ते तिला सांगायचं होतं.