पितळी बटणांचा कोट

मी बुजगावणं बोलतोय. हसू नका. तोंडाच्या जागी कोळशाची एक रेघ ओढली आहे, तिच्यातून निघेल तेवढं सांगतो. मान खाली घालून सांगितलं असतं, पण मला मानच नाही, पोत्याचं डोकं थेट बांबूला बांधलंय. त्यामुळे तुमच्याकडे बघत सांगणं भाग आहे. लाज वाटते, पण इलाज नाही.

माझा जन्म शहराच्या टोकाला, बंद पडलेल्या बसडेपोच्या मागे झाला. तिथे पूर्वी फाटक्या टायरांचा ढीग होता. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या ताईंनी तो उचलायला लावला, चांगली माती आणून टाकली, नळ घेतला आणि जागेच्या पट्ट्या पाडल्या. लढाईमुळे घरदार सोडून या शहरात आलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक पट्टी. सगळी शेतीत वाढलेली माणसं, आणि इथे येऊन इमारतीच्या एकेका खोलीत कोंबलेली. "घरापुरतं पिकवा, उरेल ते डेपोच्या दाराशी विका," असं ताई सांगायच्या. बाई मोठी झपाट्याची. बाह्या वर सारून स्वतः घमेली उचलायची. तिच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी पट्टी होती मळेवाल्यांची. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. त्यांचं प्रत्येक बोलणं 'आमच्या मळ्यात' असं सुरू व्हायचं, म्हणून ते मळेवाले. धिप्पाड माणूस. फावडं त्यांच्या हातात खेळण्यासारखं दिसायचं. त्यांनी वाटाणा लावला, तो तरारून वर आला, आणि पाखरं तुटून पडली. मग एके दिवशी ते घरी गेल्यावर ताईंनी ठरवलं, उद्या मळेवाल्या दादांना चकित करायचं. दोन बांबू, पोतंभर गवत, झालो मी तयार. अंगात घालायला काय? डेपोचे म्हातारे पहारेकरी काका घरी गेले आणि आपला नोकरीतला जुना कोट घेऊन आले. जाडजूड, हिरवट, पितळी बटणांचा, वर पट्टा आणि टोपी. बटणं बाहीनं घासत म्हणाले, "घे लेका, आता तू ड्यूटीवर."

काय सांगू तुम्हाला, मी असा फुगलो! पट्टीच्या ऐन मध्यावर माझी जागा. वाऱ्यानं बाही हलली की वाटायचं, आपण सलामी घेतोय. शेजारच्या पट्टीतली शिंपीण म्हणाली, "साहेब, उभं राहून पाय दुखले असतील, बसा की." ती थट्टा करतेय हे कळायला अक्कल लागते, आणि माझ्या डोक्यात गवत.

दुसऱ्या दिवशी मळेवाले आले. सगळ्यांच्या आधी यायची त्यांची सवय. फाटक ढकलून आत आले, खांद्यावर फावडं, तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. मी दिसलो. फावडं खाली पडलं. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, चिखलात गुडघे टेकले आणि मान खाली घातली.

मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात वट. पहिल्याच दिवशी एवढा मान!

हो, असं वाटलं मला. तुमच्यापासून काय लपवायचं?

बराच वेळ ते तसेच होते. मग वाऱ्यानं माझी टोपी तिरकी झाली आणि खालचं पोतं दिसलं असावं. त्यांनी हळूच वर पाहिलं. मग झटकन मागे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना? चेहरा लालबुंद झाला होता. उठले, गुडघ्यांवरचा चिखल घासत राहिले, स्वतःलाच एक शिवी हासडली. ती शिवी ऐकली आणि माझा सगळा फुगा फुटला. हा मान नव्हता. कुणीतरी कधीतरी असाच कोट घालून या माणसाला असंच बसवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांचं काम बिघडलं. माझ्याकडे पाठ करणं त्यांना जमेना. तोंड माझ्याकडे ठेवून उलट्या पावली मागे सरकत ते खणायचे. साहजिकच सऱ्या वेड्यावाकड्या. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, कपाळाला हात लावला.

"अहो, ही सरी आहे की सापाची वाट?"

"जमिनीला उतार आहे."

"हो, टेबलाला असतो तेवढा!"

मग त्यांची कंबर दुखायला लागली. मग डोकं. मग ते कुंपणाशी उभे राहून वहिनींना नुसत्या सूचना द्यायला लागले. वहिनी दुपारपर्यंत कपडे धुण्याच्या दुकानात राबून यायच्या, त्यांच्या एकटीच्या हातून किती होणार? माझ्या आजूबाजूला तण माजलं. शिंपीण म्हणे, "मळेवाले आता मळ्याचे मालक झालेत, हात कशाला मळवतील?" लोक हसायचे. ते पण हसायचे, आणि बूट बघत राहायचे.

एका संध्याकाळी ताईंनी नळापाशी सगळ्यांसमोर विषय काढला. "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला हे शोभत नाही. वहिनी मरमर मरतात, तुम्ही मजा बघता. जागेसाठी किती कुटुंबं थांबलीत, ठाऊक आहे ना? रविवारपर्यंत तण निघालं नाही, तर ही पट्टी मला दुसऱ्यांना द्यावी लागेल."

ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

मला ओरडावंसं वाटलं, ताई, त्यांचं नाही, माझं बघा! माझ्या अंगावरचं बघा! पण कोळशाची रेघ उघडते थोडीच. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आपल्यापायी दुसरा बोलणी खातो आणि आपण चकचकीत बटणं लावून ऐटीत उभे.

ताई गेल्यावर वहिनींनी त्यांचा हात धरला. "चला. दोघं मिळून आत्ता काढू. हातची पट्टी घालवायची आहे का? परत त्या खोलीत दिवसभर भिंतीकडे बघत बसाल." त्यांनी ओढत ओढत आणलं. चार पावलं, आणि मळेवाल्यांचे पाय अडले. वहिनींनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते बघत होते तिकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं.

"अगं बाई," त्या मटकन खाली बसल्या. "नाक्यावरचे शिपाई... तसलाच कोट!"

"कुणाला सांगू नकोस," ते पुटपुटले. "गवताला भितो म्हणतील. तुला शपथ आहे."

ते कुंपणाकडे परतले. वहिनी उठल्या आणि त्यांनी माझी बटणं काढली. एकेक करून, शांतपणे. पट्टा सोडला, टोपी उतरवली, सगळ्याची नीट घडी केली आणि पिशवीत घातली. काकांना नेऊन द्यायचं मनात असावं. माझ्या अंगात नवऱ्याचा जुना चौकड्यांचा शर्ट अडकवला. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पण सकाळी वहिनी कामाआधी पिशवी घेऊन फाटकात शिरल्या, तोच ताई आणि काका समोर. ताईंनी मला पाहिलं, पिशवीतून डोकावणारी बाही पाहिली.

"वहिनी," ताई हळू आवाजात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हवा होता तर मागायचा ना. मी नाही म्हटलं असतं का?"

वहिनींनी कुंपणाशी उभ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. शपथ घातलेली. त्यांनी पिशवी पुढे केली.

"मीच काढला. खोलीत गारठा फार असतो."

बघा, शपथेखातर बाईनं चोरी कबूल केली! शिंपिणीनं तोंड फिरवलं. काका म्हणाले, "असू दे, असू दे, ठेव तुझ्याकडेच." ते तर आणखी वाईट.

तेव्हा मळेवाले आत आले. ताईंच्या समोर वाटेवर थांबले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सगळ्यांच्या देखत गुडघे टेकले.

"लढाईत, तपासणीच्या नाक्यावर असं बसवतात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "असा कोट घातलेले लोक. धाकटा भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. त्याला उठवून घेऊन गेले. त्यानं मला हाक मारली. मी मान वर केली नाही. परत दिसला नाही तो. ती चोर नाही, ताई. भित्रा मी आहे."

काकांनी पिशवी उचलली आणि पाठीमागे लपवली, जणू त्यांनीच काही चोरलं होतं. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "विचारायला हवं होतं मी," एवढंच कसंबसं म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी चिखलात बसल्या. समोरचं तण उपटायला लागल्या. थोड्या वेळानं मळेवाल्यांचे हात खाली आले आणि तेही उपटायला लागले. शिंपीणही येऊन बसली.

पट्टी राहिली त्यांच्याकडेच. ताईही बदलल्या. परवा एक नवं कुटुंब आलं, त्यांना सगळीकडे फिरवून विचारत होत्या, "इथलं काही नको वाटतं का? मोकळेपणी सांगा." त्या घरातल्या आजींनी कचरत ताईंच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं. पाण्याची पाळी आली की ताई ती वाजवत. त्यांनी तिथल्या तिथे काढून खिशात टाकली. आता पाळीला हाका मारतात, घसा बसलाय बिचारीचा.

म्हणजे सगळ्यांनी आपापली चूक पदरात घेतली. मला मात्र कुणी एका शब्दानं बोललं नाही. बुजगावण्याला काय बोलायचं? पण ज्याला भिऊन एवढा मोठा माणूस चिखलात बसला तो मीच होतो, आणि त्याला मान समजून फुगलो तोही मीच. हे कुणाला सांगू?

आता मी कुणालाच भिववत नाही. शर्टाची बाही फाटली आहे, पाखरं खुशाल खांद्यावर बसून शेंगा सोलतात. आज सकाळी मळेवाले आले, त्यांनी तो गोंधळ पाहिला, आणि तरातरा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अरे लेका, नुसता फुकटचा उभा आहेस!" म्हणाले, आणि ओल्या मातीचं एक ढेकूळ माझ्या छातीवर फेकून मारलं. पाखरं उडाली. ते हसले.

मालक, एकावर थांबू नका. आणखी मारा.